शंभर नंबरी ‘निघालोच’

‘फोन लागत नव्हता’ या तीन शब्दांनी आजवर किती संसार, किती भागीदाऱ्या आणि किती सोयरिकी वाचवल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. फोन बंद होता, रेंज नव्हती, नंबर चुकला, समोरच्याने उचलला नाही, समोरच्याने कापला, आणि सर्वांत जास्त वेळा घडतं ते म्हणजे आपण लावलाच नाही. या सगळ्यांवर हे एकच पांघरूण पुरतं. बारशाचं बोलावणं राहिलं? फोन लागत नव्हता. उसने घेतलेले दहा हजार? अहो, किती वेळा केला, लागतच नव्हता. सांगणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही असतं, आणि मग दोघं मिळून मोबाइल कंपनीला नावं ठेवत चहा घेतात.

यंत्रांना ही सोय नाही. माझा भाचा वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टेलिफोनचं काम बघतो. टेलिफोनचं म्हणजे कॉम्प्युटरचंच, कारण जुनं एक्स्चेंज तिथून केव्हाच भंगारात गेलं. आता टेबलावरचे फोन नेटवर्कच्या केबलला जोडलेले असतात आणि एक्स्चेंज म्हणजे कोपऱ्यात घरघरणारा एक सर्व्हर. त्याने एकदा लॅपटॉपवर त्या सर्व्हरचा लॉग उघडून दाखवला. प्रत्येक कॉलखाली तीन आकडी नंबरांची उतरंड. १००, १८०, मग कुठे २००, कुठे ४८६, कुठे ४८७. “मामा, फोन लागला नाही असं इथं कुठं लिहिलेलंच नसतंय,” तो म्हणाला. “का लागला नाही, तेवढंच असतंय.” इतकं रोखठोक बोलणारं आमच्या घरात त्याआधी कुणी आलेलं नव्हतं.

या भाषेचं नाव सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल, थोडक्यात एसआयपी. (हे नाव ऐकताच स्वयंपाकघरातून ‘किती टक्के पडतात रे?’ असा प्रश्न आला. मध्यमवर्गाला एसआयपी एकच.) मार्च १९९९ मध्ये तिचं पहिलं मानक निघालं. मार्क हँडली, हेनिंग शुल्झरिन, ईव्ह स्कूलर आणि जोनाथन रोझेनबर्ग अशी चार नावं त्यावर आहेत. जून २००२ मध्ये सुधारून वाढवलेली आवृत्ती आली, आरएफसी ३२६१ या नंबराची, आणि तिच्याच पायावर आजही कारभार चालतो. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आपल्या सरकारने इंटरनेटवरून फोन करायला मुभा दिली होती. तारीख तशी असूनही निर्णय खरा होता. सायबर कॅफेच्या खोपटात डोक्याला हेडफोन लावून न्यू जर्सीतल्या मुलाशी असं ओरडून बोलणारे आईबाप, की नेट बंद पडलं तरी आवाज पोचावा, ते त्या काळातले.

ही भानगड कारखान्यापुरती असती तर मी इकडे वळलोही नसतो. पण खिशातल्या मोबाइलवरून होणारा व्होल्टी कॉलसुद्धा आतून हीच भाषा बोलतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, तेव्हा त्यांच्याकडे टू-जी, थ्री-जी नव्हतंच. त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक ‘हॅलो’ याच वाटेने गेला. म्हणजे पैठण गेटला स्कूटरवर बसून ‘अबे किधर है?’ विचारणारा माणूससुद्धा, त्याला न कळत, एक अत्यंत अदबशीर आमंत्रण पाठवत असतो, आणि वाटेतली यंत्रं त्याला तितक्याच अदबीने नंबरात उत्तरं देत असतात.

नंबरांचे सहा वर्ग. एकने सुरू होतो तो म्हणजे काम चालू आहे. दोन म्हणजे झालं. तीन म्हणजे दुसरीकडे जा. चार म्हणजे तुमचं काहीतरी चुकलं. पाच म्हणजे आमचं काहीतरी चुकलं. सहा म्हणजे कुठेही जा, होणार नाही. यातला पाचचा वर्ग माणसांत अजून आढळलेला नाही. आणि यात एक भेद आहे तो सर्वांत मोठा: एकचे कोड तात्पुरते, बाकी सगळे अंतिम. तात्पुरती उत्तरं कितीही येवोत, अंतिम उत्तर एकदा आलं की विषय मिटला, हा या भाषेचा कणा आहे.

माझं म्हणणं असं, की आमचं छत्रपती संभाजीनगर हे शहर पूर्णपणे एकच्या वर्गावर चालतं. अंतिम उत्तर द्यायला आमच्याकडे माणसं लाजतात.

आता १०० बघा. ‘ट्राइंग’, प्रयत्न चालू आहे. हा कोड का जन्माला आला ते ऐकण्यासारखं आहे. कॉलचं आमंत्रण साध्या पद्धतीने पाठवलं आणि उत्तर आलं नाही, तर फोन अर्ध्या सेकंदाने तेच पुन्हा पाठवतो. मग एका सेकंदाने, मग दोन, मग चार, असं दुप्पट थांबत थांबत बत्तीस सेकंदांपर्यंत. एवढा ससेमिरा कोण सहन करणार? म्हणून वाटेतलं पहिलं यंत्र लगेच १०० फेकून मोकळं होतं. १०० मिळाला की विचारणारा गप्प बसतो. १०० ने काम झालेलं नसतं, सुरू झालंय याचीही हमी नसते. त्याचा उपयोग एकच, समोरच्याचा धोशा थांबवणं.

आमच्या प्लंबरने आरएफसी वाचलेला नाही, पण १०० त्याच्याइतका शुद्ध कुणी देत नाही. “निघालोच काका, क्रांती चौकात आहे.” मागून त्याच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. क्रांती चौकात कुकर कुणी मांडलाय असं आपण विचारत नाही, कारण तो उद्धटपणा झाला. अर्ध्या तासाने आपण पुन्हा करतो. “आलोच, सेव्हन हिलच्या पुलाखाली.” पुढचा फोन दुप्पट थांबून. तोवर संध्याकाळ होते, आणि संध्याकाळी ‘आज काय झालं काका’ असं सुरू होणारं जे सांगणं येतं तेही अंतिम उत्तर नसतंच. त्याचा शेवट ‘उद्या सकाळी फर्स्ट तुमच्याकडं’ असा होतो.

आणि यातली खरी मेख अशी, की १०० हा ज्याला फोन केला त्याने दिलेलाच नसतो. तो दोन शेजाऱ्यांमधला व्यवहार. तुमच्या बाजूचं पहिलं यंत्र तुम्हाला सांगतं, ऐकलं बरं का. पुढे काय झालं ते त्यालाही ठाऊक नसतं. सरकारी कार्यालयाचा ज्याला अनुभव आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. ‘साहेबांच्या कानावर घालतो’ हा १००. ‘फाइल टेबलावर आहे’ हा १००. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हा इंग्रजी माध्यमातला १००. साहेबांना यातलं काहीही माहीत नसतं.

१८० आला म्हणजे मात्र घंटा वाजतेय. इथे एक गंमत आहे. आपल्या कानात जी ट्रिंग ट्रिंग ऐकू येते ती समोरच्या घरातली घंटा नव्हे. १८० आला की आपलाच फोन आपल्यालाच ती वाजवून दाखवतो, आपलं मन रमावं म्हणून. याउलट १८३ आला, तर नेटवर्क म्हणतं, तू थांब, आवाज मी पाठवतो. कॉलर ट्यून येते ती या १८३ च्या दारातून. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता’ म्हणणाऱ्या बाईसुद्धा बहुधा तिथूनच बोलतात, कॉल जोडला जाण्याआधी, म्हणून त्यांच्याशी कितीही वेळ बोललं तरी पैसे पडत नाहीत. मार्च २०२० मध्ये अख्खा देश याच दारातून एक खोकला ऐकत होता. कुणालाही फोन करा, आधी कुणीतरी खोकायचं. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी दोन महिने आपल्या भावाला काढा पाठवला. तो बिचारा ठणठणीत होता, खोकत होतं ते नेटवर्क.

घंटा किती वेळ वाजू द्यायची यावरही आपल्याकडे रण माजलं होतं. २०२० अखेरपर्यंत नियम असा होता, की ज्या कंपनीच्या ग्राहकाने फोन केला तिने समोरच्या कंपनीला मिनिटाला सहा पैसे द्यायचे. मग हिशेब सोपा: घंटा लवकर तोडायची, म्हणजे मिस कॉल होतो, समोरचा उलटा फोन करतो आणि सहा पैशांची गंगा आपल्याकडे वळते. बघता बघता घंटा वीस-पंचवीस सेकंदांवर आली. मोबाइल चार्जिंगला, चार्जर आतल्या खोलीत, चष्मा टीव्हीवर, आणि गुडघे वयोमानाने आपापल्या जागी, अशा माणसाने वीस सेकंदांत काय काय करायचं? अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ठरवून दिलं: मोबाइलची घंटा तीस सेकंद, लँडलाइनची साठ. लँडलाइनला दुप्पट, कारण फोन दिवाणखान्यात आणि माणूस मोरीत, असा विचार झाला असावा.

मिस कॉलचं निघालंच आहे तर ४८७ ला नमस्कार करून पुढे जाऊ. फोन करणाऱ्याने उचलला जाण्याआधीच कापला, की तो रद्द केल्याचा निरोप जातो. समोरून आधी त्या रद्द करण्यालाच २०० मिळतो, म्हणजे ‘ठीक आहे, हरकत नाही’, आणि मग मूळ आमंत्रणाला ४८७. ठरलेलं लग्न मोडताना एवढी सभ्यता मी पाहिलेली नाही. या ४८७ मधून आपल्या लोकांनी एक अख्खी लिपी उभी केली, तीही फुकटात. एक मिस कॉल म्हणजे पोचलो. दोन म्हणजे खाली ये. तीन म्हणजे बॅलन्स संपला, तू कर. पैठणच्या माझ्या मावशीकडे आता अनलिमिटेड पॅक आहे, नातवाने भरून दिलेला; तरी ती दोन घंटांवर कापतेच. फुकट आहे म्हणून काय उधळायचं का, असं तिचं म्हणणं.

तीनच्या वर्गाचं मात्र आमच्या गावाशी जुनं नातं. ३०१ म्हणजे हा पत्ता कायमचा बदलला. असा कोड आला की आपल्या वहीत नवा पत्ता लिहून घ्यायचा आणि पुढे तोच वापरायचा, असा दंडक आहे. ३०२ म्हणजे तात्पुरता बदलला; तेवढ्यापुरतं तिकडे जा, वहीला हात लावू नका. या दोहोंत गफलत झाली तर काय होतं, हे बघायला दौलताबादचा किल्ला चढावा. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीकरांना ३०१ दिला: राजधानी आता देवगिरी. लोकांनी वह्या सुधारल्या, बिऱ्हाडं उचलली, हजार किलोमीटरांहून जास्त वाट तुडवत इथे आले, कसेबसे रुळले, आणि काही वर्षांनी त्यांना कळवण्यात आलं की तो ३०२ होता.

त्यामानाने शहराचे स्वतःचे ३०१ शिस्तीत झाले. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीचं फतेहनगर झालं, फतेहनगरचं औरंगाबाद, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीने छत्रपती संभाजीनगर. एसटीडी कोड ०२४० तेवढा जागचा हलला नाही. मोठ्या नावांचं काय ते कागदोपत्री होतं. खरी कसोटी रिक्षात लागते. महावीर चौक म्हणा, रिक्षावाला तुमच्याकडे ४०४ सारखा बघतो. बाबा पेट्रोल पंप म्हणा, मीटर न टाकता निघतो.

चारच्या वर्गात इतकी गर्दी आहे की प्रत्येकापाशी थांबलो तर भाच्याचा लॉग परवडला असं व्हायचं. पण काही मंडळींना टाळून जाववत नाही. ४०१ घ्या. टेबलावरचा फोन सुरू झाला की सर्व्हरकडे नोंदणी करतो, ‘मी इथं आहे’ म्हणून. सर्व्हर पहिल्याच फटक्यात ४०१ देतो: आधी तू कोण ते पटवून दे. हा नकार नव्हे, नुसती चौकशी. मग फोन पासवर्ड न उच्चारता, त्यावरून मांडलेलं एक गणित पाठवतो आणि आत येतो. म्हणजे ज्याने दार ठोठावलं त्याने ओळख द्यायची. आमच्याकडे जो फोन करतो तोच विचारतो, “ओळखलं का?” हो म्हणालात तर “सांगा बरं कोण?” आणि नाही म्हणालात तर “आता कशाला ओळखाल, मोठी माणसं तुम्ही.” दोन्हीकडून आपणच आरोपी. सायबर चोरांनी आपला हा स्वभाव फार चांगला अभ्यासलाय. त्यांचंही पहिलं वाक्य हेच असतं, फक्त शेवटी ‘अंकल’ असतं.

नोंदणीला मुदत असते, बहुधा तासाभराची. ती सरण्याआधी फोनने पुन्हा हजेरी लावायची, नाहीतर सर्व्हर त्याला गैरहजर धरतो. हिंजवडीत नोकरीला असलेल्या मुलांची सिडकोतल्या आयांकडची नोंदणी रोज रात्री नऊला संपते. ‘जेवलास का?’ या प्रश्नात जेवणाचा संबंध फार थोडा. पण हजेरी फारच वारंवार लावू लागलात तर सर्व्हर ४२३ देतो: इतक्या लवकर पुन्हा कशाला? हा कोड आईकडे नाही. सासुरवाडीकडे असतो.

४८५ म्हणजे संदिग्ध: या नावाची बरीच माणसं आहेत, नक्की कोण हवंय? मानकात उदाहरण दिलंय ते ‘ली’ या नावाचं. ते लिहिणाऱ्यांनी आमच्या फोनमधले ‘पाटील’ पाहिले नव्हते. पाटील गॅस, पाटील सर, पाटील सर नवीन, पाटील प्लॉटवाले, पाटील नको. शिवाय मानक बजावतं, की उत्तरात सगळ्या नावांची यादी देऊ केली तर त्या लोकांची खासगी माहिती उघड होते, तेव्हा जपून. आमच्याकडे चुकून एका शेखऐवजी दुसऱ्या शेखला फोन लागला, तर तो पहिल्याचा नंबर, दुकानाचा पत्ता, मुलाचा दहावीचा निकाल आणि ‘वो आजकल किसीका फोन नहीं उठाते’ हे सगळं आपण न मागता देतो.

४०२ पाशी मला दोन मिनिटं उभं राहावंसं वाटलं. ‘आधी पैसे भरा.’ हा कोड मानकात ‘पुढे कधीतरी वापरू’ म्हणून राखून ठेवलेला आहे. निव्वळ राखून. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही खात्यात हा रकाना असा कोरा राहिला नसता.

४०४, असा नंबर नाही. हाही आपल्याकडे कायमचा नसतो. बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवस पडून ठेवायचा आणि मग दुसऱ्याला द्यायचा, असा आपला नियम. आमच्या सासऱ्यांचा नंबर त्यांच्यामागे असाच सिल्लोडकडच्या एका टेम्पोवाल्याला गेला. अर्ध्या गोतावळ्याने नंबर पुसलेलाच नाही, त्यामुळे दिवाळीला त्याला चाळीसएक शुभेच्छा जातात. तो सगळ्यांना उलट शुभेच्छा देतो. गेल्या वर्षी त्याने हिला विचारलं, “ताई, धाकट्या काकांचं मोतीबिंदूचं झालं का?” सासरे हयात असताना त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

आणि ४८८: इथे मान्य नाही. कॉल जोडण्याआधी दोन्ही फोन आपापली यादी मांडतात, मला आवाज कोणकोणत्या पद्धतीने बांधता-सोडता येतो त्याची. एकाला फक्त जी.७११ येत असेल आणि दुसऱ्याला फक्त जी.७२९, तर दोघेही धडधाकट असून बोलणं होत नाही. बोलणी माध्यमावरून मोडली. हा कोड एवढा जुना, पण शहागंजच्या बाजारात मला तो कधी दिसला नाही. तिथे बाई मराठीत भाव करते, विकणारा दखनीत उत्तर देतो, ‘नक्को’ दोन्हीकडे सारखंच, ‘हौ’ दोन्हीकडे सारखंच, आणि वांगी वीस रुपये पाव ठरतात. दोघांपैकी कुणीही आपण दुसऱ्याची भाषा बोलतोय असं मानत नाही.

४९१ बद्दल मला आदर आहे. चालू कॉलमध्ये दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी बदल सुचवला, समजा दोघांनी एकदमच व्हिडिओ सुरू करायचं ठरवलं, तर दोन्ही निरोप आदळतात आणि दोघांनाही ४९१ मिळतो: थांबा, आधीचं चालू आहे. मग पुन्हा कुणी आधी बोलायचं? नियम ठरलेला आहे. ज्याने कॉल लावला त्याने २.१ ते ४ सेकंदांमधला कोणताही वेळ थांबायचं. दुसऱ्याने शून्य ते दोन सेकंद. दोघांच्या वेळा कधी जुळूच शकत नाहीत. व्याह्यांच्या पहिल्या पंगतीत ‘आधी तुम्ही’, ‘छे, आधी तुम्ही’ करत बासुंदी गार होते, तिथे हा नियम कुणीतरी वाचून दाखवावा. वरपक्षाने २.१ सेकंद थांबणं मान्य केलं तर.

पाचचा वर्ग माणसांत आढळत नाही असं म्हणालो, पण नळात आढळतो. ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही, आणि त्याच्या सोबत ‘इतक्या सेकंदांनी पुन्हा या’ असा आकडा देता येतो. आमच्या शहरात पाणी पैठणच्या जायकवाडीहून पन्नासेक किलोमीटर प्रवास करून येतं आणि दिवसाआड येतं म्हटलं तर लोक हेवा करतात. पाच दिवसांनी यायचं असेल तर यंत्राच्या भाषेत ते चार लाख बत्तीस हजार सेकंद होतात. यंत्र निदान आकडा देतं. लाइनमन १०० देतो.

आता येऊ सहाकडे, ज्यासाठी एवढी पायपीट केली. ६०३, ‘डिक्लाइन’. माणूस सापडला, फोन वाजला, त्याने बघितला आणि त्याला बोलायचं नाही. एवढं सरळ वाक्य मराठीत मी फार थोड्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते सगळे निवृत्त न्यायाधीश किंवा चिडलेली आत्या होते. बाकी आम्ही ‘बघू’, ‘करू की’, ‘सांगतो तुम्हाला’, ‘घरी विचारतो’. वर्गणी मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. त्याला ४८० द्यायचा, म्हणजे ‘ते आत्ता घरी नाहीत’, आणि तो ज्यांचा आहे त्यांनीच दारातून द्यायचा.

मला वाटलं होतं की यंत्रं तरी ६०३ बेधडक देत असतील. भाच्याने एका टेबलफोनचं सेटिंग उघडून दाखवलं. त्यात एक रकाना आहे: लाल बटण दाबल्यावर समोरच्याला कोणता कोड पाठवायचा? पर्याय चार. ४०४, ४८०, ४८६, ६०३. कंपनीने आधीच निवडून ठेवलेला होता ४८६, म्हणजे ‘दुसऱ्या कॉलवर आहे’. म्हणजे कुणीही फोन तोंडावर कापला, तरी यंत्र पलीकडे जाऊन सांगतं, साहेब जरा कामात आहेत. हवं तर ४०४ ठेवता येतो: या नावाचा माणूसच इथं नाही. मानकाच्या कागदावरून निघालेली भाषा फिरत फिरत कारखान्यातल्या टेबलावर पोचेपर्यंत चांगली माणसाळली होती.

भाचा म्हणाला यामागे तांत्रिक कारणही आहे, आणि ते खरं आहे. सहाचा कोड आला की सर्व्हर बाकी सगळीकडचा शोध थांबवतो. कुठेच वाजवू नका, असा त्याचा अर्थ. ४८६ आला तर तो पुढचा फोन वाजवून बघतो, किंवा निरोप ठेवायला सांगतो. आमच्या घरी हेच चालतं. मी कापला की तो हिच्या फोनवर जातो, आणि ही उचलून सांगते, “हे ना? आहेत की, समोरच बसलेत.”

नको असलेल्या फोनांसाठी मात्र त्यांना नवे कोड काढावे लागले. २०१७ मध्ये ६०७ आला: हा फोनच नकोसा आहे, पुन्हा करू नका. २०१९ मध्ये ६०८: माणसाने नव्हे, वाटेतल्या यंत्रानेच परस्पर हाकलला. पर्सनल लोनवाल्यांना हे दोन्ही लागू पडायला हवेत, पण आमच्या शेजारच्या काकांनी स्वतःचा इलाज काढलाय. ते लोनवाल्याला विचारतात गाव कुठलं, मग आडनाव, मग मूळ गाव कन्नडजवळचं की वैजापूरचं, मग ‘लग्न झालं का रे?’ त्यांच्याकडे एक भाची आहे. दुसऱ्यांदा फोन आलेला नाही.

राहता राहिला फोन ठेवण्याचा प्रकार. एसआयपीत बोलणं संपलं की कुणीही एकाने ‘बाय’ पाठवायचा, दुसऱ्याने त्याला २०० द्यायचा, संपलं. यात तात्पुरतं असं काही नाही. त्यानंतर त्याच कॉलवर कुणी काही बोलायला आलं तर त्याला ४८१ मिळतो, की बाबा, असा कॉल अस्तित्वातच नाही. काल रात्री आमच्याकडे हिने नऊ वाजून दहा मिनिटांनी बहिणीला पहिला ‘बाय’ पाठवला.

“बरं, ठेवू मग?”

“हौ, ठेव. झोप आता.”

“ठेवते. तू पण झोप.”

“अगं, ते लोणच्याचं सांगायचंच राहिलं.”

मी दहाला दिवा मालवला, तेव्हा कैऱ्या फोडून झाल्या होत्या आणि मोहरी फेसायची बाकी होती.